ठेक्याचा आनंद खरा कीं खोटा?

सुशिक्षित कुटुंबांतून हल्लीं एक तक्रार वारंवार ऐकूं येते. तरुण मुलें जें ऐकतात तें गाणें नसून कारखान्यांतला माल आहे, अशी ती तक्रार. पांच-सात देखणे पोरगे एकत्र आणावयाचे, त्यांस एकसारखीं पावलें टाकावयास शिकवावयाचें, तीन-चार मिनिटांचें एखादें नाचरें गाणें कोणा तिऱ्हाइताकडून करवून घ्यावयाचें, आणि तें जगभर विकावयाचें. अशा गाण्यावर ज्याचें पाऊल थिरकलें त्याचा आनंदही त्या गाण्याइतकाच बनावट असला पाहिजे, असा या तक्रारीचा एकंदर रोख असतो. तक्रार करणारांपैकीं बरेच जण आमचे स्नेही आहेत, आणि ते गाण्याचे खरे दर्दी आहेत. तेव्हां पिढ्यांचें अंतर एवढें म्हणून ती वाऱ्यावर सोडून देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. शिवाय तिच्या पोटांत नीतीचा एक जुनाच प्रश्न दडलेला आहे. जो आनंद हिशेबानें उत्पन्न केला जातो तो खरा असूं शकतो काय? आणि खरा असला, तर त्याची किंमत काय?

असल्या मंडळींस इंग्रजींत 'बॉय बँड' म्हणतात. आम्ही येथें 'मेळा' हाच शब्द वापरतों. कारण गणेशोत्सवांतील मेळ्यांच्या हकीकती ज्यांनीं घरांतील वडील माणसांच्या तोंडून ऐकल्या आहेत, त्यांस एकाच पोशाखांतील, एकाच ठेक्यावर पावलें टाकीत गाणारीं मुलें ही वस्तु अगदींच परकी वाटणार नाहीं.

तक्रारींतील वस्तुस्थितीचा भाग खोटा नाहीं. अमेरिकेंत १९६६ सालीं लोकांपुढें आलेला 'मंकीज' हा मेळा दूरचित्रवाणीवरील एका मालिकेसाठीं, वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन जमविलेला होता. पोर्तो रिकोंत १९७७ सालीं निघालेल्या 'मेनुदो' मेळ्यांत मुलगा वयानें वाढला कीं त्यास निरोप देत व दुसरा घेत. मेळा तोच, मुलें नवीं. फ्लॉरिडांतील ऑर्लँडो शहरीं १९९३ सालीं 'बॅकस्ट्रीट बॉइज' उभे केले ते लू पर्लमन या व्यापाऱ्यानें. त्याचा मूळ धंदा विमानांचा व जाहिरातीच्या हवाई जहाजांचा. हाच गृहस्थ पुढें ठेवीदारांस कोट्यवधींनीं फसविल्याबद्दल २००८ सालीं पंचवीस वर्षांच्या शिक्षेस पात्र झाला व २०१६ सालीं कैदेंतच वारला. मुंबईंत २००१ सालीं 'ए बँड ऑफ बॉइज' हा पांच तरुणांचा मेळा याच धर्तीवर निघाला; आशा भोसले यांचे एक नातू त्यांत होते. आणि कोरियांतील 'बीटीएस' या सात जणांच्या मेळ्यानें २१ ऑगस्ट २०२० रोजीं 'डायनामाइट' हें गाणें काढलें, तें तर या कारखानदारीचा उत्तम मासला म्हणावा लागेल. गाणारे कोरियन, भाषा इंग्रजी, रचना ब्रिटनमधील दोघां रचनाकारांची. आणि अमेरिकेंतील 'बिलबोर्ड' यादींत तें निघतांच अग्रस्थानीं जाऊन बसलें. कोणाही कोरियन मंडळीस हा मान तोंवर मिळाला नव्हता.

इतकें सारें मान्य करूनही आमचें म्हणणें असें कीं, करवून घेतलें एवढ्यावरून कोणतीही कला खोटी ठरत नाहीं. जे स्नेही या मेळ्यांस नांवें ठेवतात त्यांच्यापैकीं बहुतेकांस नाट्यसंगीत प्राणाहून प्रिय आहे. तें तरी कोठून आलें? 'शाकुंतल' १८८० सालीं रंगभूमीवर आलें तेव्हांपासून आमच्या नाटकांतील कितीएक पदें आधींच्या चालींवर शब्द बेतूनच झालेलीं आहेत. कंपनीचा मालक, पगारी नट, तिकिटांची खिडकी, 'वन्स मोअर'चा हिशेब, हें सगळें तेथेंही होतेंच. लग्नांतील आचारी मजुरीसाठीं स्वयंपाक करतो. म्हणून पंगतींतील माणसाची भूक खोटी, किंवा तृप्ति खोटी, असें कोणी म्हणत नाहीं. विकणाराच्या हेतूचा जाब विकणारास विचारावा. पर्लमनसाहेबांस तो न्यायालयानें विचारला. परंतु त्यांच्या ठकबाजीचा डाग त्या गाण्यावर नाचलेल्या पोरीच्या आनंदावर पाडणें हा तर्काचा अपराध होय.

दुसरा आक्षेप अर्थहीनतेचा. या गाण्यांत अर्थ नसतो, असें म्हणतात. आणि पुष्कळदां नसतोच. 'बॅकस्ट्रीट बॉइज'चें १९९९ चें सर्वांत गाजलेलें गाणें दोघां स्वीडिश रचनाकारांचें. त्यांतील वाक्यांचा एकमेकांशीं मेळ बसत नाहीं, हें गाणारांनीं स्वतःच हंसत हंसत कबूल केलेलें आहे. परंतु हा प्रश्न भरतमुनींनींच नाट्यशास्त्रांत उपस्थित केला आहे, व त्याचें उत्तरही तेथेंच आहे. अभिनयानें अर्थ सांगतां येतो, मग ज्यांत कांहींच सांगितलें जात नाहीं तें नृत्त कशासाठीं, असें ऋषि विचारतात. तेव्हां मुनि सांगतात कीं, नृत्तास अर्थाची अपेक्षाच नाहीं. तें शोभा आणतें, लोकांस तें स्वभावतःच आवडतें, आणि विवाह, जन्म अशा मंगल प्रसंगीं तें प्रशस्त मानलें आहे. तिकडे प्लेटोनेंही आपल्या 'लॉज' या उतारवयांतील ग्रंथांत नृत्यवृंद या अर्थाच्या ग्रीक शब्दाचा संबंध आनंद या अर्थाच्या शब्दाशीं लावला आहे. व्युत्पत्ति शास्त्रीय कसोटीस उतरेल असें नाहीं. पण कवींस नगराबाहेर घालविणारा तो करडा म्हातारा नाचाविषयीं इतका मऊ झालेला पाहून आम्हांस मोठी मौज वाटते.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, तो उत्स्फूर्ततेचा. खरा आनंद आपोआप उचंबळतो, आणि या गाण्यांत तर कोणत्या क्षणीं उडी मारावयाची हें देखील आधीं ठरलेलें असतें. याचें उत्तर शोधावयास आम्ही वाचकांस वेळापुरास नेतों.

वेळापूर हें सोलापूर जिल्ह्यांतील, माळशिरस तालुक्यांतील गांव. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पंढरपुरास जातांना माळशिरसनंतर येथें मुक्काम करते. गांव जवळ आलें कीं दिंड्या उतारावरून एकदम धांवत सुटतात. यास 'धावा' म्हणतात. तुकोबांस येथील टेकाडावरून विठ्ठलमंदिराचा कळस दिसला आणि ते पंढरीच्या रोखानें धांवत सुटले, अशी परंपरागत समजूत आहे. आतां हा धावा उत्स्फूर्त म्हणावा काय? तो दर वर्षीं त्याच जागीं, त्याच मुक्कामाच्या दिवशीं, ठरलेल्या क्रमानें होतो. पालखीची ही शिस्त एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हैबतबाबा आरफळकर यांनीं घालून दिली. ते शिंद्यांच्या पदरीं चाकरी केलेले गृहस्थ. आणि दिंड्यांच्या अनुक्रमांत, रिंगणांत, अश्वांच्या मानांत ती लष्करी घडण आजही डोळ्यांत भरते. कोणता अभंग केव्हां म्हणावयाचा, टाळ कसा धरावयाचा, पाऊल किती पुढें टाकून किती मागें घ्यावयाचें, सारें आधीं बसविलेलें. तरी पदर खोंचून उतारावरून धांवणाऱ्या सत्तरीच्या म्हातारीच्या मुद्रेवरील आनंद बनावट आहे, असें म्हणण्याची छाती कोणास होईल? ठरविलेलें असणें निराळें आणि खोटें असणें निराळें. किंबहुना जागा ठरलेली आहे म्हणूनच ती म्हातारी तेथें आपलें वय विसरूं शकते. एरव्हीं तिला भर रस्त्यांत धांवण्याची मुभा कोण देतो?

२०२० सालीं महामारीमुळें पायीं वारी झाली नाहीं. पादुका आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशीं एस. टी.च्या गाडींतून पंढरपुरास नेण्यांत आल्या, आणि वेळापूरच्या त्या उतारावर दिंड्या धांवल्या नाहींत. त्यानंतर दोन महिनेही लोटले नाहींत तोंच तें कोरियन गाणें निघालें, व जगांतल्या कितीएक शहरांतून घरांत कोंडून पडलेलीं पोरें आरशापुढें, पडद्यापुढें, एकेकटीं त्यावर पावलें टाकूं लागलीं. भक्तीची व बाजारी गाण्याची आम्ही बरोबरी करीत आहों, असें कोणी समजूं नये. वारकऱ्याच्या धांवण्यास पुढें कळस आहे. त्या पोरांपुढें कांहीं नव्हतें. परंतु दुसऱ्या शरीरांबरोबर एका तालांत हालण्याची माणसास भूक असते, आणि ती भागली नाहीं कीं तो आंतून सुकतो, एवढें तरी त्या वर्षानें दोन्हीकडे सारखेंच दाखवून दिलें.

म्हणजे आनंद खरा. येथपर्यंत आम्ही तरुणांचे वकील झालों. पण वकिलानें अशील सुटतांच घरीं निघून जावें, तसें आम्हांस जातां येत नाहीं. कारण खरा प्रश्न येथून पुढेंच आहे, आणि तो दाखविण्यास सोलापूर जिल्ह्यांतलेंच एक गाणें पुरेसें आहे.

'सैराट' हा बोलपट २९ एप्रिल २०१६ रोजीं प्रकाशित झाला. त्याचे दिग्दर्शक नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यांतील जेऊरचे, आणि चित्रणही बरेंचसें त्याच तालुक्यांत झालेलें. त्यांतील 'झिंगाट' या गाण्याची चाल, शब्द आणि गळा हीं तिन्ही अजय व अतुल गोगावले या दोघां बंधूंचीं. दोघां भावांच्या जोडीस रूढ अर्थानें मेळा म्हणतां येणार नाहीं हें खरें. परंतु केवळ नाचण्यासाठीं केलेलें, तरुण पोरांच्या बेभान ओरडीनें गायिलेलें, ऐकतांच अंगांत शिरणारें असें गाणें मराठींत दुसरें दाखविणें कठीण. त्याच बोलपटाच्या संगीतासाठीं लॉस एंजेलिस येथें मोठा पाश्चात्य वाद्यवृंद बसविण्यांत आला होता, व त्याचें कौतुकही पुष्कळ झालें. पण प्रेक्षक खुर्च्या सोडून पडद्यापुढें जाऊन नाचले ते 'झिंगाट'वर. कोठें कोठें तर लोकांच्या आग्रहावरून तें गाणें पुनः दाखवावें लागलें. तेव्हांपासून लग्नाची वरात असो, गणपतीची मिरवणूक असो कीं महाविद्यालयाचें संमेलन असो, तें वाजल्यावांचून कार्य सिद्धीस जात नाहीं.

तें गाणें बोलपटांत कोठें येतें हें मात्र नाचणारांपैकीं फार थोड्यांच्या ध्यानांत राहिलें आहे. गांवांतील धनाढ्य पुढाऱ्याच्या घरीं मुलाचा वाढदिवस आहे, आणि सारा गांव नाचावयास लोटला आहे. मासेमारी करणाऱ्या घरांतला परशा आहे, त्याचे सोबती आहेत, आणि त्या पुढाऱ्याची मुलगी आर्चीही आहे. नाचाच्या त्या गर्दींत कोणी कोणास जात विचारीत नाहीं. आणि त्याच समारंभाच्या रात्रीं, त्याच घराच्या मागल्या बाजूस, आर्ची व परशा एकत्र सांपडतात व मारहाणीस आरंभ होतो. पुढें दोघें परमुलखांत पळून जातात, संसार थाटतात, त्यांस मूल होतें; आणि शेवटीं तिच्या माहेरचीं माणसें गोड बोलून घरांत येतात व दोघांसही ठार मारतात. अंगणांत एकत्र नाचण्यास त्या घराची हरकत नव्हती. हरकत कोठें सुरू झाली, हें दिग्दर्शकानें एका रात्रींत आणि एका घराच्या पुढल्या-मागल्या अंगणांत दाखविलें आहे; नीतिशास्त्रावरील पुष्कळ ग्रंथांत इतकी नेमकी मांडणी आम्हांस आढळलेली नाहीं.

(या बोलपटाचें २०१८ सालीं हिंदींत 'धडक' या नांवानें रूपांतर झालें. 'झिंगाट'ची चाल तीच, शब्द हिंदी, स्थळ राजस्थानांतील उदेपूर. जातीचा प्रश्न तेथें इतका पुसट केला आहे कीं तो शोधावा लागतो. चाल नेली आणि जेथें ती बोचत होती तेवढा कांटा मागें ठेवला. व्यापाराच्या दृष्टीनें शहाणपणाच केला म्हणावयाचा.)

आनंद खोटा असता तर प्रश्न सोपा होता. खोट्या नाण्यानें कांहीं विकत मिळालें नाहीं तर नवल नाहीं. पण नाणें खरें असून त्यानें कांहींच मिळत नाहीं, हें कोडें आहे. त्या साडेतीन-चार मिनिटांत खांद्यास खांदा लागतो, घामांत घाम मिसळतो, अनोळखी पोरगा दुसऱ्यास खांद्यावर उचलून घेतो. आणि ठेका थांबतांच प्रत्येक जण आपापल्या वस्तीकडे निघतो. कोणी म्हणतील, हा उथळ गाण्याचा दोष आहे. गंभीर, भक्तिरसानें भरलेलें संगीत असतें तर असें झालें नसतें. आम्हांस हें उत्तर देतां आलें असतें तर फार बरें वाटलें असतें. परंतु पंढरपूर वेळापुराहून कांहीं दूर नाहीं. वाळवंटांत वारकरी शेंकडों वर्षें एकत्र नाचले, एकमेकांच्या पायां पडले. आणि जिल्ह्यांतीलच मंगळवेढ्याच्या चोखोबांची समाधि मंदिराच्या दाराबाहेरच राहिली. अस्पृश्य मानलेल्या भाविकांस त्या मंदिराचें दार उघडावें म्हणून साने गुरुजींस १९४७ सालच्या मे महिन्यांत पंढरपुरास प्राणांतिक उपोषण करावें लागलें. भजनाच्या ठेक्यानें तें दार उघडलें नव्हतें. तेव्हां जो दोष आपण 'झिंगाट'च्या माथीं मारूं पाहतों, तो टाळमृदंगासही चुकलेला नाहीं.

याची आणखी एक बाजू आहे. एका तालांत हालणारीं माणसें एक होतात खरीं, पण कोणाविरुद्ध एक व्हावयाचें हेंही त्याच तालांत शिकवितां येतें. १८९४ च्या सुमारास पुण्याच्या गणेशोत्सवांत मेळे निघूं लागले; त्यांच्या पदांत देशाभिमान होता तसा शेजारच्या मुसलमानांविषयींचा विखारही होता, हें इतिहासकारांनीं नोंदविलें आहे. उलट तोच डफ आणि तीच ढोलकी सत्यशोधक जलशांनीं व पुढें आंबेडकरी जलशांनीं हातीं घेतली, आणि ज्या खेड्यांतून व्याख्यात्याचें कोणी ऐकलें नसतें तेथें समतेचा विचार नेऊन पोहोंचविला. म्हणजे ठेका हा ओल्या मातीसारखा आहे. तो माणसाचें मन मऊ करतो. त्यांत बीं कोणी व कोणतें टाकावयाचें याविषयीं तो उदासीन असतो. आणि हल्लींच्या मेळ्यांच्या गाण्यांत बहुधा कोणी कांहींच टाकीत नाहीं. ही त्यांची निष्पापता म्हणावी कीं आळस म्हणावा, हें आम्हांस अजून ठरवितां आलेलें नाहीं. दिवसेंदिवस आमचा कल दुसऱ्या शब्दाकडे झुकूं लागला आहे.

दोन वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्याच्या भावाच्या लग्नानिमित्त आम्ही वेळापुरास गेलों होतों. वरात अर्धनारीनटेश्वराच्या देवळाकडे निघाली होती. देऊळ यादवकालीन आहे. आंत शिव आणि पार्वती यांची संयुक्त मूर्ति आहे, आणि रामचंद्रदेव यादवाच्या काळचे शिलालेख त्या ठिकाणीं सांपडले आहेत. नटेश्वर म्हणजे नाचणारांचा देव, आणि तोही अर्धा स्त्री. रस्त्यावर मात्र नाचत होते ते सारे पुरुष. बायका ओट्यांवरून व गच्च्यांवरून पाहत होत्या. डॉल्बी छातींत दणके देत होता. 'झिंगाट' लागलें तेव्हां नवरदेवाचे सोबती तर उधळलेच, पण मागें शांतपणें चालणारे दोन-तीन शिक्षकही हात वर करून आंत शिरले. गाणें संपल्यावर आमचे दोन विद्यार्थी घाम पुसत आमच्यापाशीं येऊन उभे राहिले. दोघे एकाच वर्गांतले, गांवाच्या दोन टोंकांस राहणारे. पहिला मोठ्या आनंदानें म्हणाला, "बघा सर, गाण्याला जात नसती." दुसरा हंसला. त्या हंसण्यांत कडवटपणा नव्हता, म्हणूनच तें आमच्या अधिक लक्षांत राहिलें. तो म्हणाला, "नाचायला बोलावत्यात की सर. पोरगी बघायला कोण बोलावतंय?" पहिला कांहीं बोलला नाहीं. इतक्यांत पुढचें गाणें लागलें आणि पहिल्यानेंच दुसऱ्याचा हात धरून त्यास ओढून नेलें.

आवाजाच्या बाबतींत आम्ही तक्रार करणारांच्या बाजूचे आहों, हें येथें सांगून टाकतों. २००० सालच्या नियमांप्रमाणें रात्रीं दहा वाजल्यापासून सकाळीं सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. शेजारीं तान्हें मूल निजलें असतां, म्हातारें माणूस आजारी असतां, भिंती हादरविण्याचा हक्क कोणत्याही आनंदास नाहीं. पण ही तक्रार डॉल्बीविषयीं झाली, गाण्याविषयीं नव्हे. दोन्हींची गल्लत करून आपण एका खऱ्या प्रश्नाची चर्चा टाळीत असतों, असें आम्हांस वाटतें.

त्या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर कायद्यानें कधींच दिलें आहे. हिंदूंमधील आंतरजातीय विवाह १९४९ च्या कायद्यानें निर्विवाद वैध झाले. ज्या २०१६ सालीं लोक 'झिंगाट'वर नाचले त्याच सालीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा संमत केला. २७ मार्च २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, दोन सज्ञान व्यक्तींनीं राजीखुषीनें केलेल्या लग्नांत जातपंचायतीस किंवा दुसऱ्या कोणा जमावास हात घालण्याचा अधिकार नाहीं. म्हणजे मनाई कोठेंच लिहिलेली नाहीं. ती असते घरांत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, आणि फार हळू आवाजांत बोलली जाते. डॉल्बीपेक्षां कितीतरी हळू.

आणि हें सारें खेड्यापाड्यांत चालतें, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनीं आपल्या घरांत येणारें रविवारचें वर्तमानपत्र उघडून पाहावें. ज्या घरांत 'झिंगाट' कधीं लागत नाहीं, ज्यांच्या कपाटांत अब्दुल करीम खां आणि बालगंधर्व यांच्या ध्वनिमुद्रिका जतन केलेल्या आहेत, ज्यांचे चिरंजीव परदेशीं मोठ्या पगारावर आहेत, त्या घरांतूनही तेथें जाहिरात दिलेली असते. मुलगा उच्चशिक्षित, निर्व्यसनी. छंद वाचन व संगीत. आणि ती जाहिरात कोठें शोधावयाची हें वाचकास कोणी शिकवावें लागत नाहीं. वधूवरांचें तें पान जातवार मथळ्यांखालीं लावलेलें असतें.